विदीर्ण हृदय आणि न उघडणारं कुलूप

ताई, नमस्कार.

मी हिशेब खात्यात काम करते. दिवसभर आकडे आणि रात्री कथा, असं दोन वर्षं चाललंय. एका आकड्याची तफावत सापडेपर्यंत जागेवरून उठता येत नाही, आणि कधी कधी ती मागच्या वर्षाच्या ओढलेल्या बाकीत निघते, त्यामुळे लिहायला वेळ थोडाच मिळतो. तरी अकरा कथा पूर्ण झाल्या. त्यातली एक मासिकाकडे पाठवली. ती परत आली, सोबत एकच ओळ: 'कल्पना बरी, पण शब्दसंपदा तोकडी.' ही ओळ मला फार लागली. तेव्हापासून मी एक वही केली आहे. वाचताना नवा शब्द दिसला की अर्थासकट तिच्यात उतरवते आणि रोज रात्री वही वाचते. चौदाशेच्या वर शब्द झालेत. मग तीच कथा वहीतले शब्द घालून नव्याने लिहिली. मैत्रिणीला दाखवली तर म्हणाली, 'पहिली बरी होती गं. ही दुसऱ्याच कुणीतरी लिहिल्यासारखी वाटते.' आता मला काहीच कळेनासं झालंय. रोज किती शब्द पाठ करावेत? आणि दुसरं म्हणजे, माझ्या कथांमधली माणसं नुसती आठवत बसतात, घडत काहीच नाही. त्याचं काय करू? नवा मसुदा सोबत जोडते आहे.

तुमची, वहीवाली


प्रिय वहीवाली,

पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी देऊन टाकते: शून्य. रोज शून्य शब्द पाठ करा. वही मात्र फेकू नका, तिच्याकडे मी नंतर येणार आहे.

संपादकांची ओळ मला अर्धीच पटली. काहीतरी तोकडं आहे हे त्यांनी बरोबर हेरलं, पण नेमकं काय, हे लिहायला त्यांना सवड नसावी. 'शब्दसंपदा' हा शब्द अशा वेळी फार सोयीचा पडतो. डॉक्टरांनी 'थोडा अशक्तपणा आहे' म्हणावं तसा. त्याने काही चुकत नाही आणि काही कळतही नाही.

तुमची सुरुवात इथे उतरवते, म्हणजे बाकीच्या वाचकांनाही आपण कशाबद्दल बोलतोय ते कळेल. वडील गेल्यानंतर बऱ्याच दिवसांनी मुलगा बंद घरी येतो, एवढा प्रसंग आहे.

'सायंकाळच्या मंद प्रकाशात त्याने त्या जीर्ण वास्तूच्या द्वाराकडे विषण्ण नजरेने पाहिले. त्याच्या अंतःकरणात अगणित स्मृतींचे काहूर माजले. कंपित हस्ताने त्याने कुलूप उघडले आणि एका अनामिक वेदनेने त्याचे हृदय विदीर्ण झाले.'

'विदीर्ण' वाचून मला हसू आलं, पण तुमच्यावर नाही. कॉलेजात असताना मीही एका कथेत कुणाचं तरी हृदय विदीर्ण केलं होतं. आमच्या बाईंनी समासात पेन्सिलीने लिहिलं, 'विदीर्ण झालेलं हृदय कसं दिसतं ते सांग.' मला इतका राग आला की आठवडाभर मी त्यांच्या तासाला बसले नाही. राग यायचं कारण सरळ होतं, मला सांगता येत नव्हतं. शब्द माझ्याकडे होता, त्यामागचं चित्र नव्हतं. मी तो कुठल्या तरी पुस्तकातून उचलला होता, आणि त्या पुस्तकवाल्यानेही बहुधा दुसऱ्या कुठून तरी.

तुमच्या तीन वाक्यांत नेमकं हेच झालंय. घर जीर्ण आहे म्हणजे कसं आहे? गिलावा सुटलाय, वाळवी लागलीय, की नुसता रंग उडालाय? नजर विषण्ण आहे हे तुम्ही सांगितलंत म्हणून मी मान्य केलं, मला ती दिसली नाही. आणि 'अनामिक' या शब्दावर तर माझा जुना राग आहे. लेखकाला जे नाव सापडलं नाही त्याची ती कबुली असते, फक्त नटवलेली. या उताऱ्यातला मुलगा कुणीही असू शकतो, घर कुणाचंही, वडील कुणाचेही. मैत्रीण बरोबर बोलली. हे कुणीतरी दुसऱ्याने लिहिलंय, आणि तो दुसरा म्हणजे तुमची वही.

आता तुमच्या कुलपाकडे नीट बघू. बंद घराचं कुलूप, आणि ते पहिल्या झटक्यात उघडलं? मी थोडी लुडबुड करते, रागावू नका.

'किल्ली फिरली, कुलूप सुटलं नाही. कुलपात घालायच्या तेलाची बाटली वडील दाराआडच्या खिळ्याला टांगून ठेवायचे. म्हणजे ती आत होती. त्याने कुलूप दारावर आपटलं. कोयंडा खुळखुळला, कुलूप ढिम्म. पुन्हा आपटलं. तिसऱ्यांदा आपटण्याआधी त्याने मागे वळून पाहिलं, कुणी बघत नाही ना.'

हे काही फार थोर लेखन नाही, कामचलाऊ आहे. पण यातल्या शब्दांकडे बघा. वहीत लिहून घ्यावा असा एकच शब्द आहे, कोयंडा. तोही मी कोशात शोधला नाही. कुलूप आपटल्यावर काय हलेल याचा विचार करताना तो आपोआप हाती आला. दु:ख हा शब्द कुठेच नाही. वडिलांची आठवण आहे, पण ती बाटलीच्या आडोशाने आली. आणि स्वतःच्याच घरासमोर चोरासारखं मागे वळून बघणारा हा माणूस आता कुणीही राहिलेला नाही.

मला तुम्हाला सांगायचंय ते एवढंच: शब्द वस्तूकडे बघून येतात, शब्दांकडे बघून येत नाहीत. दार म्हटलं की चौकट आली, उंबरठा आला, फळ्या, बिजागऱ्या, कडी, कोयंडा, खिट्टी, अडसर आला. यातला एकही शब्द तुम्हाला नवा नाही. पण तुमच्या चौदाशेंत यातले किती आहेत? मी पैज लावायला तयार आहे, एकही नसेल. वहीत आपण भरजरी शब्द टिपतो, अडसर कोण टिपून ठेवतंय! लिहायला बसलं की मात्र त्या भरजरी शब्दांना दारच सापडत नाही.

तुम्ही म्हणाल, म्हणजे साधंच लिहायचं का? नाही. साधं आणि नेमकं यांत फरक आहे, आणि मराठीत नेमकेपणाच्या जागा आपण शोधतो तिथे नसतात. आपण विशेषणांत शोधतो. त्या असतात क्रियापदांत, आणि त्यांच्या मागे लागणाऱ्या छोट्या क्रियापदांत. समजा तुमचा हा मुलगा बहिणीसमोर म्हणाला, 'घर विकून टाकू या.' आता हे तुम्ही कसं सांगाल? त्याने बोलून टाकलं, असं लिहिलंत तर ते बरेच दिवस त्याच्या मनात होतं आणि आता तो सुटला. तो बोलून बसला, असं लिहिलंत तर शब्द तोंडातून गेल्यागेल्या त्याला पश्चात्ताप झालाय. तो बोलून गेला, तर त्याला बोलायचं नव्हतं, निसटलं. त्याने बोलून घेतलं, तर सगळे एकत्र जमलेत हे बघून त्याने संधी साधली, गडी धूर्त आहे. आणि त्याने बोलून दाखवलं, तर हे सगळ्यांच्याच मनात होतं, शब्द फक्त त्याने दिले. टाकणं, बसणं, जाणं, घेणं, दाखवणं. तिसरीतल्या मुलालाही येणारे हे पाच शब्द आहेत, आणि पाच वेगळी माणसं उभी राहिली. 'पश्चात्तापदग्ध अंतःकरणाने तो उद्गारला' असं लिहून यातलं एकही उभं राहिलं नसतं.

याहून लहान शब्दांचं सांगते. बहीण आली. बहीणच आली. बहीणही आली. बहीण आलीच. बहीण आली खरी. बहीण आली म्हणे. बहीण आली एकदाची. प्रत्येक वाक्यामागे वेगळी गोष्ट आहे की नाही? 'आली खरी' म्हटल्यावर पुढे 'पण' येणार हे वाचकाला कळतं, आणि तो थांबून राहतो. 'आली म्हणे' म्हणणारा स्वतः तिथे नव्हता आणि त्याला ते फारसं आवडलेलंही नाही. 'एकदाची' मध्ये वाट बघून आलेला वैताग आहे. रोजच्या बोलण्यात तुम्ही हे सगळं बिनचूक वापरता. कागद समोर आला की मात्र सगळे 'च' आणि 'खरे' बाजूला काढून ठेवता, पाहुण्यांसमोर घरातला पसारा लपवावा तसे.

तेव्हा तुमच्याकडे शब्द नाहीत, ही तक्रार मला मान्य नाही. ओळखीचे शब्द आणि हाताशी असलेले शब्द या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वाचताना आपल्याला समजतात त्याच्या एका लहानशा भागावरच आपलं लिहिणं चालतं. तुमची खरी अडचण ही मधली दरी आहे, आणि चौदाशेचे अठ्ठावीसशे केल्याने ती बुजणार नाही.

समानार्थी शब्दांबद्दलही थोडं. 'पाहिले' हा शब्द दोनदा आला म्हणून दुसऱ्या वेळी 'न्याहाळले' घालायचं, ही सवय आपल्याला शाळेत लागते. पण न्याहाळण्यात सवड असते आणि थोडा जिव्हाळाही. निरखताना आपण काहीतरी तपासत असतो. डोकावताना परवानगी अर्धीच असते. टक लावणं बघणाऱ्याच्या लक्षात येत नाही, समोरच्याच्या येतं. यातला एक काढून दुसरा बसवला की प्रसंगच बदलतो. त्यापेक्षा 'पाहिलं' दोनदा आलेलं चालतं. वाचकाच्या ते ध्यानातही येत नाही.

तीच गोष्ट द्वार आणि दाराची. द्वार प्रवेशद्वारात शोभतं, महाद्वारात शोभतं, पण खिशातल्या किल्लीने ते उघडत नाही. हस्ताक्षरात 'हस्त' निमूटपणे बसतो, कुलूप काढायला मात्र हातच लागतो. नेत्रतज्ज्ञाकडे आपण जातो ते डोळे चुरचुरतात म्हणून, नेत्र कधी कुणाचे चुरचुरलेले नाहीत. संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द, आपल्या तोंडात झिजून गुळगुळीत झालेले शब्द, आणि 'नजर', 'कागद', 'तारीख' यांसारखे फारसी-अरबीतून येऊन इथलेच झालेले शब्द, हे मराठीत शेजारी शेजारी राहतात, पण प्रत्येकाची उठबस वेगळी आहे. माझा संस्कृत शब्दांवर राग नाही. तुमची कथा एखादे निवृत्त संस्कृतचे शिक्षक सांगत असते, तर 'विषण्ण' त्यांच्या तोंडी चपखल बसला असता, आणि त्यातून ते शिक्षकही दिसले असते. शब्द जड आहे की हलका, हे बघू नका. तो कुणाच्या तोंडचा आहे ते बघा. कथेत तो कुणाच्याच तोंडचा नसेल, तर तो वहीतून आलाय.

इथे तुमच्या पत्रातल्या एका वाक्याकडे वळते. 'एका आकड्याची तफावत सापडेपर्यंत जागेवरून उठता येत नाही, आणि कधी कधी ती मागच्या वर्षाच्या ओढलेल्या बाकीत निघते.' मी हे तीनदा वाचलं. कारण सांगताना सहज लिहून गेलात, आणि तुमच्या सगळ्या मजकुरात हे वाक्य उजवं आहे. तफावत, ताळा, कीर्द, खतावणी, जमा-नावे, मागील बाकी पुढे ओढणं. हे तुमचे शब्द आहेत. रोज वापरून ते तुमच्या हातात मुरलेत. माझ्याकडे हे नाहीत, मी वापरले तर उसने वाटतील. कथेतला मुलगा हिशेबनीस करून बघा. वडिलांच्या घरात तो कपाटं उघडेल तेव्हा त्याला काय दिसेल? त्याच्या आणि वडिलांच्या मधली तफावत यंदाची नाहीच, ती कधीपासून ओढत आणलेल्या बाकीत आहे, हे त्याला त्याच्याच भाषेत कळू द्या. (फक्त ते वाक्यात लिहू नका. त्याला एखादी जुनी जमाखर्चाची वही सापडू द्या आणि सवयीने तो बेरीज तपासायला लागू द्या. पुढचं वाचक बघून घेईल.)

प्रत्येक कामाला स्वतःची नजर असते आणि ती त्या कामाच्या शब्दांत राहते. शिंप्याला अनोळखी माणसाच्या खांद्यावरची उसवलेली टीप आधी दिसते. सुताराला दार रंधा न मारता बसवलेलं दिसतं. शब्द वाढवायचेच असतील तर माणसांच्या कामाशेजारी जाऊन बसा आणि 'याला काय म्हणतात?' असं विचारा. लोक आनंदाने सांगतात. आपल्या कामाबद्दल त्यांना कुणी विचारलेलंच नसतं.

आता वही. ती रोज रात्री वाचता, हीच गडबड आहे. वाचून शब्द ओळखीचे वाटायला लागतात, आणि ओळखीचे वाटणं म्हणजे येणं अशी आपली समजूत होते. हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी या दोन मानसशास्त्रज्ञांनी 2006 मध्ये विद्यार्थ्यांवर केलेला एक प्रयोग प्रसिद्ध आहे. काही जणांनी उतारा पुन्हा पुन्हा वाचला, काहींनी तो एकदा वाचून मिटला आणि आठवून लिहायचा प्रयत्न केला. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने घेतली तेव्हा चित्र उलटं झालं, आठवून लिहिणाऱ्यांच्या जास्त लक्षात राहिलं होतं. तुम्ही रोज रात्री ती पाच मिनिटांची परीक्षा पास होताय.

म्हणून वहीची मांडणी बदला. अर्थ लिहूच नका. शब्द ज्या वाक्यात भेटला ते अख्खं वाक्य लिहा, आणि कुणी, कुणाला, कशावरून म्हटलं तेही लिहा. शक्यतो ऐकलेले शब्द घ्या. बसमध्ये मागच्या सीटवरची बाई फोनवर म्हणाली, 'मी काही बोलले नाही, नुसती धुमसत बसले', तर ते वाक्य 'संताप: राग, क्रोध' या नोंदीपेक्षा शंभरपट मोलाचं आहे. दोन दिवसांनी वाक्यातला तो शब्द बोटाने झाका आणि तिथे काय होतं ते आठवा. आठवडा गेला की पुन्हा. वेगळाच शब्द सुचला तर फारच छान, दोन्ही शेजारी ठेवा आणि त्या बाईच्या तोंडी कुठला बसतो ते बघा. आठवड्याला पाच-सहा शब्द पुरे. चौदाशे ही संख्या मनातून काढून टाका. हिशेबनिसाला ते जड जाईल, पण काढा.

दुसरा एक व्यायाम मला मनापासून आवडतो, आणि तो जवळजवळ तीनशे वर्षं जुना आहे. पुढे अमेरिकेचा नावाजलेला लेखक आणि मुत्सद्दी झालेला बेंजामिन फ्रँकलिन मुलगा असताना भावाच्या छापखान्यात उमेदवारी करत होता. लिहायची हौस, पण शब्द हाताशी येत नाहीत, हीच तक्रार. त्याच्या हाती एका नियतकालिकाचा जुना खंड लागला आणि त्यातलं गद्य त्याला फार आवडलं. त्याने काय केलं, तर त्यातल्या एकेका निबंधातल्या वाक्यांचा आशय दोन-चार शब्दांत टिपून ठेवला, काही दिवस जाऊ दिले, आणि मग मूळ न बघता त्या टिपणांवरून निबंध पुन्हा लिहून काढला. नंतर मुळाशी ताडून बघितला. कधी टिपणांचे कागद पिसून टाकायचा, काही आठवड्यांनी क्रम लावत बसायचा, म्हणजे मांडणीचीही सवय व्हावी. सगळ्यांत गमतीची युक्ती पुढेच आहे. शब्द कमी पडतात हे लक्षात आल्यावर त्याने काही गोष्टी पद्यात केल्या, आणि मूळ मजकूर विस्मरणात गेल्यावर पुन्हा गद्यात आणल्या. कारण पद्यात एकाच अर्थाचा, पण कमी-जास्त लांबीचा किंवा वेगळ्या आवाजाचा शब्द सतत शोधावा लागतो. वृत्त आणि यमक मानगुटीवर बसलं की डोक्याच्या तळाशी पडून असलेले शब्द वर यावेच लागतात.

तुम्ही हे ओवीत करा. ओवी मोकळी असते, अक्षरं मोजत बसावी लागत नाहीत. तीन चरणांना यमक आणि चौथा आखूड. तुमच्या कथेतला एक परिच्छेद घ्या आणि त्याच्या पाच-सहा ओव्या करा. त्या भिकार होतील, होऊ द्या, कुणाला दाखवू नका. 'कुलूप'ला यमक शोधताना तुम्ही जितके शब्द चाचपून टाकून द्याल तितके सगळे या व्यायामाची कमाई आहेत. आठवड्याने त्या ओव्यांवरून परिच्छेद परत गद्यात आणा. पहिल्याहून तो वेगळा झालेला असेल.

कोशांबद्दल विचारलं नाहीत, पण विचारणार होतात हे दिसतंय. कोश सुरुवातीला उघडायचा नाही, शेवटी उघडायचा. शब्द सुचला, पण शंका आहे, अशा वेळी. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश 1831 चा आणि त्याची सुधारून वाढवलेली आवृत्ती 1857 ची, पण बारकाव्यांसाठी मी अजून तो उघडते. दाते-कर्वे मंडळींचा महाराष्ट्र शब्दकोश 1932 ते 1938 या काळात सात खंडांत निघाला. त्यात जुन्या वाङ्मयातली उदाहरणं आहेत, निरनिराळ्या धंद्यांतले शब्दही आहेत. हे दोन्ही शिकागो विद्यापीठाच्या दक्षिण आशियाई डिजिटल ग्रंथालयात फुकट शोधता येतात. 'कडी' शोधायला जाल आणि 'कडीपाट' वाचत बसाल. त्या भटकंतीत अर्धा तास गेला तर मनाला लावून घेऊ नका. मात्र मसुदा चालू असताना कोश बंद. लिहिता लिहिता शब्द अडला तर तिथे फुली मारा आणि पुढे जा. दुसऱ्या दिवशी त्यातल्या अर्ध्या फुल्या आपोआप भरतात, आणि उरलेल्या ठिकाणी शब्दाची गरजच नव्हती असं बहुतेकदा दिसतं.

आता तुमचा दुसरा प्रश्न, माणसं आठवत बसतात आणि काही घडत नाही. याचा पहिल्या प्रश्नाशी जवळचा संबंध आहे. 'स्मृतींचे काहूर' असं लिहिलं की हातांना काही कामच उरत नाही. उभ्या माणसाच्या डोक्यात काहूर माजतं आणि कथा तिथेच उभी राहते. आठवणाऱ्या माणसाच्या हाताला काम द्या. कुलूप अडलेलं असेल तर त्याला काहीतरी करावंच लागेल, आणि करता करता जे आठवेल तेवढंच आठवू द्या. आठवणीला वस्तूतून वाट द्यायची, बाटलीतून, खिळ्यातून. वस्तू नाही तर आठवण नाही, एवढा कडक नियम महिनाभर पाळून बघा. कथा सुटसुटीत होते.

आणि त्याला काहीतरी हवं असू द्या. मोठं नको. घराची कागदपत्रं हवी आहेत आणि तो आलाय हे बहिणीला ठाऊक नाही, एवढं पुरे. म्हणजे तो मागे वळून का बघतो यालाही कारण मिळालं. कुलूप अडलं की हवं ते आणि माणूस यांच्या मध्ये काहीतरी आलं. शेजारी बाहेर येऊन 'अरे, तू कधी आलास?' म्हणाले की आणखी एक. बघा, अजून तो घरात गेलाही नाही आणि दोन पानं झाली. तुमच्या मसुद्यात तो पहिल्याच परिच्छेदात आत गेला आणि मग आठ पानं खुर्चीत बसून राहिला.

मसुदा झाला की मोठ्याने वाचा, मनात नाही. जीभ जिथे अडखळते तिथे खूण करा. 'कंपित हस्ताने' हे तुम्ही मोठ्याने वाचलं असतंत तर मला पाठवलंच नसतंत. तुमची ती मैत्रीण गुणी आहे, तिला सांभाळा. पण तिला 'कशी वाटली?' असं विचारू नका, त्यावर माणसं शिष्टाचाराने बोलतात. 'कुठे कंटाळा आला?' असं विचारा आणि ती बोट ठेवेल ते पान निमूटपणे काढून टाका. शेवटचा परिच्छेदही एकदा झाकून बघा. आपण सगळेच शेवटी वाचकाला समजावून सांगायला जातो. मी दर महिन्याला या सदरात तेच करते आणि माझ्या संपादक ते दर महिन्याला कापतात.

एक विनंती आहे. पुढचा मसुदा मला पाठवा, पण त्याआधी डोळे मिटून ते दार उघडा आणि दाराआड बघा. ती बाटली मी माझ्या मनाने टांगली आहे. तिथे खरं काय आहे ते तुम्हालाच माहीत. बाटलीच असेल, तर तिच्यात तेल किती उरलंय तेही लिहा.

तुमची,
ताई